मागे राहिलेला गाव आणि मराठी कादंबरी

रास अल खोर या अरबी नावाचा अर्थ 'खाडीचे शिर' असा आहे. दुबईची खाडी शहराच्या मधून वाट काढीत आत येते आणि जेथे तिचे पाणी उथळ होऊन पसरते तेथे हे स्थान वसले आहे. एका अंगास कारखाने आणि गुदामे, दुसऱ्या अंगास तिवरांची हिरवी दाटी, आणि त्यांच्यामधल्या चिखलपाण्यात एका पायावर उभे राहिलेले रोहित पक्ष्यांचे थवे, असे हे दृश्य आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. या पाणथळीस २००७ साली रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाचे स्थान म्हणून मान्यता मिळाली. मुंबईशेजारच्या ठाण्याच्या खाडीस तोच मान २०२२ साली मिळाला. दोन्ही खाड्यांत तिवरे आहेत, दोन्हींत रोहित पक्षी उतरतात, आणि दोन्हींच्या काठी पोटासाठी घर सोडून आलेली माणसे राबत असतात.

आपल्या मंडळातील पुष्कळ कुटुंबांचा प्रवास असाच खाडीपासून खाडीपर्यंत झाला आहे. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडी या मुलखांतून आपले पूर्वज मुंबई बंदरात आले, गिरमिटावर आंगठा उठवून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेले, आणि त्यांचे वंशज आज नोकरीव्यवसायानिमित्त या वाळवंटी किनाऱ्यावर गणपतीची आरती म्हणत आहेत. आपणांपैकी ज्यांनी मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या जुन्या नोंदवह्या पाहिल्या असतील त्यांना ठाऊक असेल की पूर्वजाची ओळख तेथे एका ओळीत आटोपलेली असते. नाव, बापाचे नाव, वय, जात, उंची, अंगावरील खूण, गाव. बस्स, एवढेच. गावाचे नावही लिहिणाऱ्या साहेबाच्या कानाला जसे ऐकू आले तसे!

ती ओळ वाचून मनात जो प्रश्न उभा राहतो त्याचे उत्तर नोंदवहीपाशी नाही. तो गाव कसा होता? आपला माणूस निघून गेल्यावर त्या गावाचे काय झाले? जी आई, बहीण, बायको ओटीवर उभी राहून वाटेकडे पाहत राहिली, तिचे पुढे काय झाले? माझ्या अल्पमतीप्रमाणे या प्रश्नांची सर्वांत सविस्तर आणि सर्वांत प्रामाणिक उत्तरे मराठी कादंबरीत सापडतात. मराठी कादंबरी ही एका अर्थाने मागे राहिलेल्यांची नोंदवही आहे. मात्र तिची पाने एकदम उघडली नाहीत. 'मी' म्हणून बोलण्याचा अधिकार तिने प्रथम कोणास दिला, नंतर कोणास दिला आणि अद्याप कोणास दिलेला नाही, या क्रमातच महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा बराचसा भाग सामावलेला आहे. प्रस्तुत लेखात त्या क्रमाचा धावता मागोवा घ्यावयाचा आहे.

मॉरिशस बेटावर गुलामगिरी १८३५ साली संपली आणि त्याच सुमारास, १८३४ पासून, हिंदी मजुरांची आयात सुरू झाली. १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे तेथील आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढली. मुंबई बंदरातून जहाजे मॉरिशसकडे जात असतानाच, १८५७ साली, बाबा पदमनजी यांची 'यमुनापर्यटन' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिचा मान आहे. यमुना आपल्या पतीबरोबर प्रवासास निघते आणि वाटेत ठिकठिकाणी तिला हिंदू विधवांची दुःखे दिसतात व ऐकू येतात. पुढे वैधव्य तिच्याही वाट्याला येते. विधवाविवाहास मान्यता देणारा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली, झाला होता. पदमनजी ख्रिस्ती झाले होते आणि धर्मप्रचाराचा हेतू त्यांनी लपविलेला नाही. त्यामुळे या पुस्तकाचे मूल्यमापन करताना मतभेद होणे स्वाभाविक आहे. तथापि मराठी कादंबरीने डोळे उघडताच प्रथम जे पाहिले ते राजवाडे किंवा रणांगणे नव्हती, केशवपन केलेली बाई होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मध्यंतरी कादंबरीने दृष्टी दुसरीकडे वळविली. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या 'मुक्तामाले'त १८६१ साली अद्भुताचा रंग आला आणि रा. भि. गुंजीकरांच्या 'मोचनगडा'ने १८७१ साली शिवकालाचे स्मरण दिले. परंतु हरिभाऊ आपटे यांनी तिला पुन्हा घरात आणले. १८९० साली सुरू झालेल्या 'करमणूक' पत्रातून त्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध झाली. तिची नायिका यमू स्वतःच आपली कथा सांगते. माहेरचे लाड आणि धाक, बालपणीचे लग्न, सासर, मुंबईत नवऱ्याबरोबर मांडलेला चार दिवसांचा सुखाचा संसार, आणि त्याच्या मृत्यूनंतर जबरदस्तीने झालेले केशवपन, हे सर्व ती घरातल्या घरात बोलावे अशा साध्या भाषेत सांगते. कादंबरी प्रसिद्ध होत असतानाच, १८९१ साली, संमतिवयाच्या कायद्यावरून पुणे आणि मुंबई येथे रणे माजली होती. सभांतून पुरुष भांडत होते. यमू भांडत नव्हती. ती जे घडले ते सांगत होती. म्हणूनच त्या वादातील बहुतेक व्याख्याने आज विस्मृतीत गेली आणि यमू मात्र जिवंत राहिली.

पहिल्या कादंबरीची नायिका यमुना आणि पहिल्या थोर कादंबरीची नायिकाही यमुनाच, हा योगायोग मनाला चटका लावतो. या दोघींच्या काळातच मुंबईच्या धक्क्यावर एखादी तिसरी यमुना उभी असेल काय, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही. जहाजांवर स्त्रियांची संख्या पुरुषांच्या मानाने थोडी असे. पण ज्या स्त्रिया होत्या त्यांत विधवा होत्या, टाकलेल्या होत्या, आणि गावात तोंड दाखविणे अशक्य झाल्यामुळे निघालेल्याही होत्या. पहिल्या दोन यमुनांना लेखक मिळाले. तिसरीस कारकून मिळाला. त्याने तिची उंची मोजून वहीत लिहिली आणि पुढच्या बाईस हाक मारली.

येथे एक दोषही मोकळेपणाने सांगितला पाहिजे. हरिभाऊंचे जग हे मुख्यतः पांढरपेशा ब्राह्मणी घराचे जग होते. मळ्यांवर गेलेले आपले पूर्वज बहुसंख्येने कुणबी, मराठे, महार आणि गावगाड्यातील इतर कष्टकरी जातींचे. त्यांच्या घरातील स्त्री आणि त्यांच्या शेतातील माती ही कादंबरीत फार उशिरा आली. फार उशिरा म्हणताना एका अपवादाचे कृतज्ञतापूर्वक स्मरण करणे अवश्य आहे. महात्मा फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे एक कार्यकर्ते आणि 'दीनबंधु' पत्राचे संस्थापक कृष्णराव भालेकर यांनी १८८८ साली 'बळीबा पाटील' ही कादंबरी लिहिली. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनला होरपळून काढणारा जो दुष्काळ पडला तोच तिचा विषय आहे. आपल्या पूर्वजांच्या पाठीमागे जो गाव राहिला त्यावर कोणता प्रसंग गुदरला हे त्या गावच्या बाजूने सांगण्याचा मराठी कादंबरीतला हा पहिला यत्न होय. पावसाने दगा दिला हे खरे. परंतु सारा, सावकार आणि सरकार यांनी त्या दग्याचे मरणात रूपांतर कसे केले, हे पाहण्याची दृष्टी सत्यशोधकांपाशी होती. निसर्ग आणि समाज या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत, हा धडा तेथे प्रथम गिरवला गेला. पुढे हरिभाऊंनीही 'काळ तर मोठा कठीण आला!' या कथेत दुष्काळाचे चित्र रेखाटले.

विसाव्या शतकात स्त्रीच्या प्रश्नाचे स्वरूप पालटले. हरिभाऊंच्या यमूस सहन करणे एवढेच ठाऊक होते. तिच्या नातींना निवड करावयाची होती. ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या 'ब्राह्मणकन्या' (१९३०) या कादंबरीतील कालिंदी जातीची चौकट ओलांडते, आणि समाज तिला काय म्हणेल यापेक्षा समाज मुळात कसा बनलेला आहे याचीच केतकर चिकित्सा करतात. १९३४ साली 'हिंदोळ्यावर' प्रसिद्ध झाली. तिच्यावर विभावरी शिरूरकर असे नाव होते. आदल्याच वर्षी याच नावाने आलेल्या 'कळ्यांचे निःश्वास' या कथासंग्रहाने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडवून दिली होती. हे टोपणनाव घेणाऱ्या लेखिका म्हणजे मालतीबाई बेडेकर. स्त्रीचे मन पुरुषाने लिहावयाचे आणि स्त्रीने वाचावयाचे, ही सुमारे पाऊणशे वर्षांची रीत त्यांनी मोडली. पतीपासून दुरावलेल्या स्त्रीला प्रेमाचा आणि मातृत्वाचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी आडपडदा न ठेवता विचारला.

परंतु आपल्यासारख्या वाचकांस मालतीबाईंची 'बळी' (१९५०) अधिक जवळची वाटेल. ज्या जमातींवर इंग्रजी राज्याने १८७१ च्या कायद्याने 'गुन्हेगार' असा शिक्का मारला, त्यांस तारेच्या कुंपणात वसाहती करून ठेवीत आणि दररोज हजेरी घेत. मालतीबाईंनी अशा वसाहतींच्या कामानिमित्त ते जीवन प्रत्यक्ष पाहिले होते. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. 'बळी' वाचताना आपल्या घरातील वृद्धांनी सांगितलेल्या मळ्यांवरच्या गोष्टी आठवतात. मॉरिशसमध्येही १८६७ नंतर गिरमिट पुरे केलेल्या जुन्या मजुरास छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे, आणि तो नसल्यास माणूस भटक्या ठरून तुरुंगात जाई. तारेचे कुंपण सोलापुरास असो की समुद्रापलीकडे असो, आत उभ्या असलेल्या माणसाचे दुःख एकच असते.

मालतीबाईंचे पती विश्राम बेडेकर यांची 'रणांगण' (१९३९) ही छोटी कादंबरी तर जहाजावरच घडते. युरोपातून मुंबईकडे निघालेल्या बोटीवर हिटलरच्या छळास कंटाळून पळालेले ज्यू स्त्रीपुरुष आहेत. त्यांतील हेर्टा आणि महाराष्ट्रीय तरुण चक्रधर यांची भेट होते, प्रीती जडते. मुंबईस चक्रधर उतरतो, कारण त्याला उतरावयास देश आहे. हेर्टा पुढे जाते, कारण तिला कोठेच उतरू देत नाहीत. मराठी कादंबरीने देशोधडीस लागलेल्या माणसाचे मन इतक्या जवळून यापूर्वी पाहिले नव्हते. ज्यांच्या कुळकथेची सुरुवातच जहाजाने होते, त्यांनी ही कादंबरी अवश्य वाचावी.

स्वातंत्र्यानंतर कादंबरी शहरातून निघाली आणि आपल्या मूळ गावांच्या दिशेने चालू लागली. दापोली तालुक्यातील मुर्डी येथे जन्मलेले श्री. ना. पेंडसे यांनी 'एल्गार' (१९४९), 'हद्दपार' (१९५०) आणि 'गारंबीचा बापू' (१९५२) या कादंबऱ्यांतून कोकणचा हर्णै-दापोलीचा पट्टा जिवंत केला. त्यांच्या लेखनात माड, पोफळी, समुद्र आणि पाऊस ही शोभेची वर्णने नाहीत. माणसाच्या स्वभावाप्रमाणे त्यांनाही स्वभाव आहे. कोकणात जमिनीवर खोताचा अंमल असे आणि कुळाच्या घामाचा मोठा वाटा खोताच्या घरी जाई. त्या खोतीविरुद्ध डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले. प्रत्यक्ष खोती संपविणारा कायदा १९४९ साली झाला. पेंडशांनी पुढे 'तुंबाडचे खोत' (१९८७) या द्विखंडात्मक कादंबरीत जगबुडी नदीच्या काठच्या एका खोत घराण्याच्या चार पिढ्यांचा उदयास्त सांगितला. आपल्यापैकी कित्येकांचे पूर्वज अशाच एखाद्या खोताची कुळे असतील. त्या वाड्याची पडझड वाचताना आपल्या मनात दुःख आणि न्यायाची भावना एकदमच जागी होते, यात नवल नाही.

याच लेखकाच्या 'रथचक्र' (१९६२) या कादंबरीस १९६३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. नवऱ्याने वाऱ्यावर सोडलेली एक बाई आपल्या मुलांस शिकवून मोठे करण्यासाठी जन्मभर झगडते, एवढेच तिचे कथानक. त्या बाईस लेखकाने ठळक असे नावही दिलेले नाही. ती केवळ 'ती' आहे. घरातील कर्ता पुरुष दूरदेशी गेल्यावर कोकणातल्या किती घरांत अशी एकेक 'ती' चुलीपुढे बसून राहिली असेल! गो. नी. दांडेकरांच्या 'पडघवली' (१९५५) मध्ये तर गावाच्या ऱ्हासाची कहाणी अंबावहिनी ही गृहिणीच सांगते. माणसे एकामागून एक मुंबईस जातात, घरे ओस पडतात, बागा वठतात. तिच्या दृष्टीने माणूस गेला की त्याच्याबरोबर झाडपाल्याचे ज्ञान जाते, देवाचा उत्सव जातो, भाषेतला एखादा शब्दही जातो. स्त्री, समाज आणि निसर्ग या तिहींचा विचार येथे वेगळा करताच येत नाही. दांडेकरांचाच 'माचीवरला बुधा' (१९५८) याच्या उलट दिशेने चालतो. मुंबईत आयुष्य काढलेला बुधा म्हातारपणी राजमाचीच्या डोंगरावर परततो आणि तेथील झाडापाखरांत आपले घर शोधतो. परतण्याची ही इच्छा आपल्या पूर्वजांच्या मनातही असली पाहिजे. गिरमिट संपल्यावर काही परतले. बहुतेकांचे परतणे राहूनच गेले.

घाटावरचा दुष्काळी मुलूख व्यंकटेश माडगूळकरांनी 'बनगरवाडी' (१९५५) मध्ये आणला. माणदेशातील धनगरांच्या एका वाडीवर एक तरुण मास्तर शाळा चालविण्यासाठी येतो, हळूहळू त्यांचा होतो, सर्वांच्या श्रमाने तालीम उभी राहते. आणि नंतर पाऊस पाठ फिरवितो. मेंढरे मरतात, माणसे उठून जगावयास बाहेर पडतात, वाडी रिकामी होते. माडगूळकर आवाज चढवीत नाहीत. परंतु कोणी आपल्याला 'तुमचे पूर्वज गाव सोडून का गेले?' असे विचारले, तर इतिहासाच्या जाड ग्रंथापूर्वी 'बनगरवाडी'ची शेवटची पाने त्याच्या हाती द्यावीत.

मग ज्यांना शाळेचीच दारे बंद होती त्यांनी लेखणी हाती घेतली. वाटेगावचे अण्णा भाऊ साठे लहानपणी कुटुंबासह पायी चालत मुंबईस आले. त्यांनी गिरणीत काम केले, पोवाडे रचले, आणि १९५९ साली 'फकिरा' लिहिली. दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी धान्य लुटणारा आणि इंग्रजी सत्तेशी झुंजणारा मांग समाजातील हा वीर त्यांनी नायक म्हणून उभा केला. १९६१ साली या कादंबरीस महाराष्ट्र शासनाचा पुरस्कार मिळाला. भालेकरांनी बळीबाची कणव केली होती. फकिरास कणव नको होती, मान हवा होता. उद्धव शेळके यांच्या 'धग' (१९६०) मध्ये हीच गोष्ट एका बाईच्या वाट्याने येते. वऱ्हाडातील शिंप्याच्या घरची कौतिक नवऱ्याच्या नाकर्तेपणाशी आणि दारिद्र्याशी वऱ्हाडी बोलीत झगडते. यमूला वैधव्याने मारले. कौतिकचा नवरा जिवंत आहे आणि तरीही ती एकटी आहे. हरिभाऊंच्या काळी हा भेद कोणास दिसला नसता.

१९६० नंतर गावातून निघालेली वाट मुंबईच्या चिखलात येऊन पोहोचली. जयवंत दळवींच्या 'चक्र'ने (१९६३) झोपडपट्टीतील जीवन कसलीही सजावट न करता दाखविले. मधु मंगेश कर्णिकांच्या 'माहीमची खाडी' (१९६९) मध्ये तर खाडीच वस्तीची धात्री आणि वैरीण आहे. भरतीचे पाणी, दुर्गंधी, भराव आणि त्यांच्या कडेने जगण्यासाठी धडपडणारी नाना जातीधर्मांची माणसे. येथे रास अल खोरच्या काठी राहणाऱ्यास हे पुस्तक वेगळ्याच रीतीने कळते. खाडी ही शहराची मागली बाजू असते. तेथे पक्षी उतरतात, कारण तेथे चिखल आहे. गरीब माणूसही उतरतो, कारण दुसऱ्या जागेचे भाडे त्याला झेपत नाही. चिखल बुजवून शहर वाढू लागले की दोघांनाही प्रथम उठावे लागते. पक्ष्यांच्या वाट्याला निदान कोठे कोठे अभयारण्य तरी आले.

शेतात यंत्र आले तेव्हा काय झाले ते आनंद यादवांच्या 'गोतावळा'ने (१९७१) सांगितले. कागलकडच्या बोलीत बोलणारा नारबा हा मालकाच्या मळ्यावर राबणारा गडी. बैल, म्हशी, कुत्रा, कोंबड्या, झाडे हाच त्याचा गोतावळा. मालक ट्रॅक्टर आणतो, जनावरे एकेक करून मळ्यावरून जातात आणि नारबा माणसांच्या जगात पोरका होतो. उसाच्या मळ्यात ज्यांच्या पिढ्या गेल्या त्यांना या गड्याचा एकटेपणा समजावून सांगावा लागणार नाही. माडगूळकरांनी 'सत्तांतर' (१९८२) मध्ये माणूस बाजूला सारून वानरांच्या टोळ्यांतील सत्तेची झुंजच लिहिली. तिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. निसर्ग हा माणसाच्या सुखदुःखाचा पडदा आहे ही जुनी कल्पना येथे पुरती मागे पडली.

यंत्रामागून धरण आले. कोयनेच्या धरणाखाली सातारा जिल्ह्यातील कित्येक गावे गेली. आपल्यापैकी कोणी नोंदवहीतील नाव घेऊन तिकडे गेलाच, तर गावाच्या जागी पाणी पाहून परतण्याचीही पाळी त्याच्यावर येईल. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली केला. परंतु कायदा आणि त्याचा अंमल यांच्यामध्ये माणूस कसा भरडून निघतो हे विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'ने (१९९१) दाखविले. पूर्वी माणूस गाव सोडून जात असे. आता गावच माणसास सोडून पाण्याखाली गेला. सदानंद देशमुखांच्या 'बारोमास' (२००२) मध्ये वऱ्हाडातील शिकलेला शेतकरीपुत्र एकनाथ नोकरी नाही आणि शेती परवडत नाही अशा कात्रीत सापडतो. बळीबा पाटलापासून एकनाथापर्यंत शंभराहून अधिक वर्षे लोटली. राज्य बदलले, सावकाराचे रूप बदलले, बियाणे बदलले. आभाळाकडे पाहणारा चेहरा मात्र तोच राहिला.

आणि यमुनेच्या लेकी? त्या बोलू लागल्या. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने ग्रामपंचायतींत स्त्रियांस एकतृतीयांश जागा राखून ठेवल्या. कविता महाजनांच्या 'ब्र' (२००५) या कादंबरीत खेड्यापाड्यांतील, आदिवासी पाड्यांतील स्त्री सरपंचांचे अनुभव येतात. 'ब्र काढणे' म्हणजे तोंडातून एक अक्षर उच्चारणे. अविश्वासाचे ठराव, धमक्या, घरातला मार, आणि तरीही ग्रामसभेत उच्चारलेले ते एक अक्षर! केशवपन झालेल्या यमूच्या ओठांवर जे अडले होते ते काढण्यास मराठी स्त्रीला शंभरावर वर्षे लागली.

वाचकहो, येथवर आल्यावर एक उणीव लक्षात येते. या नोंदवहीत विधवा आली, खोत आला, कूळ आले, धनगर, मांग, शिंपीण, झोपडीतला माणूस, धरणग्रस्त, सरपंच बाई, सारे आले. परंतु ज्या मराठी कादंबऱ्यांची नावे घराघरांत पोहोचली त्यांत मॉरिशसला गेलेला गिरमिटिया नायक नाही, आणि ती तिसरी यमुनाही नाही. मॉरिशसचे अभिमन्यू अनत यांनी 'लाल पसीना' ही कादंबरी हिंदीत लिहून भोजपुरी मजुरांच्या पिढ्यांस वाणी दिली. आपल्या मराठी पूर्वजांस ती वाणी मिळावयाची आहे. मागे राहिलेल्यांनी आपली बाजू मांडली. निघून गेलेल्यांची बाजू मांडण्याचे काम त्यांच्यावर टाकता येणार नाही. ते आपलेच आहे.

हे काम करावयाचे तर भाषा हवी. आरती आणि भजनांपुरती मराठी आपण जपली, ही गोष्ट लहान नाही. अनेक पिढ्या समुद्रापलीकडे राहून एवढे टिकविणे हा पराक्रमच होय. परंतु जी भाषा देवाशी बोलते आणि माणसाशी बोलत नाही ती फार दिवस जगत नाही. आपल्या मुलांस वर सांगितलेल्या पुस्तकांपैकी एखादे वाचून दाखवावे. 'बनगरवाडी'पासून आरंभ करावा. ते लहान आहे, सोपे आहे, आणि त्यात लहान मुलांची शाळाही आहे. मग घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ वही घेऊन बसावे आणि त्यांना आठवते ते, त्यांच्याच शब्दांत, अर्धी मराठी अर्धी क्रिओल असली तरी तसेच उतरून घ्यावे. यमूच्या कथेसही याहून मोठी सामग्री लागली नव्हती. एक बाई बोलत होती आणि कोणी तरी लक्षपूर्वक ऐकून लिहीत होते.

संध्याकाळी रास अल खोरच्या काठी उभे राहिले म्हणजे रोहित पक्ष्यांचा थवा उठून खाडीवरून फिरतो आणि पुन्हा त्याच चिखलात उतरतो. त्यांची नोंद येथे काळजीपूर्वक ठेवली जाते; किती आले, केव्हा आले, सारे लिहिलेले असते. आपल्या पणजीची एवढी तरी नोंद आपल्या घरी असावी, एवढीच प्रार्थना करून हा लेख पुरा करतो.